दीड वाराची पट्टी

वडगावातल्या आपल्या दोन मागांच्या कारखान्यात सुबरावने लेकीला भिंतीला पाठ लावून उभी केली आणि साड्या मोजायची लाकडी पट्टी तिच्या शेजारी धरली. पट्टी दीड वाराची, म्हणजे साडेचार फुटांची. पूर्णिमाचं डोकं पट्टीच्या टोकापासून दोन बोटं खाली राहिलं.

"बसली गं, बसली," तो बायकोला म्हणाला. "हाफ तिकिटात बसली."

मंजुश्री सुताच्या कांड्या भरता भरता हसली. पूर्णिमाचा चेहरा मात्र उतरला.

निपाणी ओलांडून कोगनोळीकडे जाताना हायवेला लागून जे मोठं पार्क झालं होतं, तिथला नियम सगळ्या गल्लीला पाठ होता. साडेचार फुटांच्या आतल्या मुलांना हाफ तिकीट. आणि तिथला सर्वांत उंच पाळणा, निळ्या रुळांवरून उलटापालटा धावणारा तो 'तुफान', साडेचार फुटांच्या वरच्यांनाच. बापाला पोरीची उंची कमी हवी होती आणि पोरीला जास्त.

पार्कला न्यायचा शब्द सुबरावने ती तिसरीत असताना दिला होता. त्या वर्षी जमलं नाही. पुढच्या वर्षी जमत आलं, तोवर तिकीट वाढलं. त्याच्या पुढच्या वर्षी रविवारचा आणि सुट्टीचा दर वेगळा झाला, आणि आता तर रांगेत न थांबण्याचेही निराळे पैसे लागत होते.

"आमच्या साडीला रविवारी जास्त दर मिळतोय व्हय?" तो आईला म्हणाला.

"तू रविवारी साडी इकून बघितलीस कवा?" बायाक्का म्हणाली.

पोरगी आणि तिकीट, दोन्ही वाढत होती. पुढच्या मे महिन्यापर्यंत ती पट्टीच्या वर जाणार हे उघड होतं. म्हणून यंदाच जायचं, मधल्या वारी जायचं आणि आदल्या रात्री निपाणीत मंजुश्रीच्या भावाकडे उतरायचं, असं त्याने पक्कं केलं. पैशांचेही त्याने दोन कप्पे केले. शर्टाच्या खिशात तिकिटांचे, पँटच्या खिशात आतल्या जेवणाचे. बाहेरचं खाणं आत चालत नाही आणि आतल्या थाळीचा भाव ऐकून मंजुश्रीने एकदा पदर तोंडाला लावला होता.

निघताना बायाक्काने तरीही दशम्यांचं आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं पिशवीत कोंबलं.

"आई, आत न्यायला देत न्हाईत. ब्यागा तपासत्यात."

"मग भाईर खावा. दात तर तपासत न्हाईत न्हवं?"

निपाणीत मेव्हण्याने, मष्णूने, रात्रीच्या जेवणावर चिमटा काढलाच. "दाजी, एवढ्या पैशात जत्रंतला पाळणा आणून आमच्या दारात वरीसभर फिरवला असता की."

"फिरव तूच. मी तिकीट काढून येतो," सुबराव म्हणाला, आणि पूर्णिमाकडे वळला. "उद्या चपट्या चपला घाल. केस वर बांधू नको."

तिने दोन वेण्या घातल्या, अगदी डोक्याला चिकटून.

सकाळी पार्कच्या दाराशी तिकिटाच्या खिडकीजवळ एक रंगवलेलं लाकडी अस्वल उभं होतं. त्याने एक हात आडवा पसरला होता. त्या हाताखालून जे मूल सरळ चालत जाईल त्याला हाफ. पूर्णिमा चालत गेली आणि अस्वलाचा हात टक्कन तिच्या भांगाला लागला.

"अण्णा, फुल्ल लागतंय," खिडकीतली मुलगी म्हणाली. मग सुबरावचा चेहरा बघून तिने आवाज मऊ केला. "बर्री, या इकडं, परत एकदा बघू या. सावकाश."

"घरातनं मोजून आणलीय, ताई. दीड वाराला दोन बोटं कमी हाय."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्याच्या डोक्यात लख्ख झालं. मागावर कापड ताणात असतं, उतरलं की आखडतं. गिऱ्हाइकाच्या पदरात कमी पडू नये म्हणून त्याच्या वडिलांनी ती पट्टी मुद्दाम चार बोटं लांब करून घेतली होती. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण जन्मभर तिलाच दीड वार म्हटल्यामुळे ती दीड वारापेक्षा मोठी आहे हे लेकीला मोजताना मनातच आलं नव्हतं.

त्याचा हात पँटच्या खिशावर गेला. फुल्ल तिकीट काढायचं तर जेवणाचे पैसे संपले. नाहीतर तिघांपैकी एकाने बाहेर बसायचं. "तुम्ही दोघी जावा आत," तो मंजुश्रीला हळूच म्हणू लागला, "मी हितं सावलीत..."

तेवढ्यात पूर्णिमा दुसऱ्यांदा चालली, आणि अस्वलाच्या हाताखालून अलगद पलीकडे गेली.

"बसली की," खिडकीतली मुलगी हसून म्हणाली. "हाफ करू?"

सुबरावने खाली पाहिलं. नव्या सैल सलवारीच्या आत पोरीचे गुडघे वाकलेले होते. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं. तिची नजर भिंतीच्या वर, निळ्या रुळांवर होती. वरून एक डबा खाली कोसळला आणि त्यातली माणसं आनंदाने किंचाळली.

"पूर्णी, गुडघं ताठ कर."

"असू दे की, आप्पा. हाफमध्ये बसतंय."

"आणि तुफानात?"

"मला न्हाय बसायचं. भ्या वाटतंय."

तीन वर्षं वहीच्या मागच्या पानांवर निळे रूळ काढणारी पोरगी हे म्हणत होती. सुबरावने आवाज नेहमीचाच ठेवला.

"ताठ उभी ऱ्हा. तू काय मागावरनं उतरलेलं कापड हायस व्हय, आखडायला?"

ती उभी राहिली. अस्वलाचा हात पुन्हा भांगाला टेकला.

"तीन द्या, ताई. तिन्ही फुल्ल," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही खिसे खिडकीवर रिकामे केले.

"आणि जेवाण?" मंजुश्रीने विचारलं.

दारावरच्या रखवालदाराने नेमकं तेव्हाच पिशवीतून बायाक्काचं गाठोडं काढून बाजूला ठेवलं होतं. तिघांनीही गाठोड्याकडे एकदम पाहिलं.

मग भल्या सकाळी, गाड्या लावायच्या जागेतल्या लिंबाखाली, दिवसभराचं जेवण एकदाच झालं. शेजारी चिकोडीचं एक कुटुंब असंच भाकरीचं फडकं सोडून बसलं होतं. त्यांच्याकडचं लोणचं इकडे आलं, इकडची चटणी तिकडे गेली. मंजुश्रीने रखवालदारालाही दशमी दिली. त्याने ती दोन घासांत संपवली आणि गंभीरपणे म्हणाला, "आता आत न्यायला कायच उरलं न्हाय. जावा."

तुफानाच्या रांगेत मंजुश्री आलीच नाही. "मी खालनं बघते," ती म्हणाली. "घरातलं कोण तरी शुद्धीवर पायजे."

डबा कटकट करत वर चढला. टोकावरून उघडी पडलेली तंबाखूची शेतं दिसली, हायवे दिसला, पलीकडे कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग दिसली. "आप्पा, ते बघा..." पूर्णिमा म्हणाली. आप्पांनी डोळे मिटले होते. पुढचं काही त्यांनी पाहिलं नाही, फक्त शेजारून येणारं हसू ऐकलं.

खाली उतरल्यावर त्याने कठडा धरला आणि पाळणा चालवणाऱ्याला विचारलं, "दुसऱ्यांदा बसायला येगळं तिकीट न्हाय न्हवं?"

"न्हाय, काका. कितीबी येळा बसा."

सुबरावने एकवार त्या उंच रुळांकडे पाहिलं, मग लेकीकडे. ती ताठ उभी होती, वेण्या सुटल्या होत्या.

"चल," तो तिचा हात धरून पुन्हा रांगेच्या शेपटाकडे निघाला. "फुल्ल काढलंय. सांजपातूर वसूल करू."