बादलची शिट्टी

कुकरची शिट्टी झाली आणि अंगणातल्या बादलने खुंटा उपटला. गोविंदा समोरच उभा होता. बैलाने त्याला शिंगावर घेऊन भिंतीवर आपटले आणि मांडी तुडवत निघून गेला. हाड मोडल्याचा आवाज आत सत्यशीलाला ऐकू आला. नवा कुकर, पहिलीच डाळ.

"कुऱ्हाड आन, शीले! तोडतोच त्याले!" रक्तात पडला तरी गोविंदाचा रुबाब जात नव्हता.

शेजारचे किसनराव म्हणाले, "मारका झाला बैल."

"मारका नाही जी, भेलेला हाये," सत्यशीला नवऱ्याकडे बघत म्हणाली. "यायनंच केला तसा."

शंकरपटाच्या शर्यतीत बैलाला टोचायला बंदी आली, तेव्हा गोविंदाने भारी डोके चालवले होते. घरच्या वावरात आधी शिट्टी मारायची आणि लगेच बादलच्या पुठ्ठ्यात आर, काठीचा टोकदार खिळा, खुपसायची. रक्ताची धार लागायची. पुढे आर लागेनाशी झाली. शिट्टी ऐकली की बादल जीव घेऊन पळायचा. पटात लोक टाळ्या पिटायचे आणि घरी सत्यशीला रडत जखमांना हळद लावायची. तिचे ऐकतो कोण!

"तो राह्यला तर मी नाही राहात या घरात," प्लास्टरमधला गोविंदा म्हणाला.

"मंग पाय बरा झाला की जाजा."

तिने कुऱ्हाड किसनरावांकडे नेऊन ठेवली. मग बादलपासून लांब उभी राहून हळूच शिट्टी मारली. बाईमाणूस शिट्ट्या मारते म्हणून गल्ली फिदीफिदी हसली. बादल थरथरला, जागेवरच मुतला. तिने सरकीच्या ढेपेचा तुकडा पुढे केला. "काई नाही होत, बाप्पा." रोज शिट्टी, रोज ढेप. दोनदा त्याने तिला लाथाडलेही.

दिवाळी झाल्यावर तिने धीर करून कुकर चढवला. शिट्टी झाली. बादलने मान वळवली आणि ढेपेसाठी जीभ बाहेर काढली.

खाटेवर गोविंदाने मात्र दोन्ही हात डोक्यावर घेतले होते. तो लटलट कापत होता.

तिने गॅस बंद केला. बादलला ढेप दिली, हात धुतला आणि खाटेशी जाऊन बसली.

"काई नाही होत, बाप्पा," ती म्हणाली, आणि गुळाचा खडा नवऱ्याच्या तोंडाशी धरला.