ह्यांनी प्रवासासाठी कॅमेरा निवडला

आमचे हे फोटो काढतात, पण फक्त ओळखपत्राचे. चौकातल्या आमच्या दुकानात एक रुंद स्टूल आहे, त्याच्यामागे पांढरा पडदा, बाजूला दोन दिवे आणि खिळ्याला अडकवलेला कंगवा. माणूस आत आला की हे त्याला स्टुलावर बसवतात, हनुवटी दोन बोटांनी वर करतात आणि म्हणतात, "कान दिसू द्या. हसू नका. हलू नका." शहरातल्या निम्म्या लोकांचे कान ह्यांना पाठ आहेत. रस्त्यात कुणी हाक मारली तर नाव आठवत नाही, पण ह्याचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे हे लगेच सांगतात. मी दुकानात लोकांच्या कॉलरी सरळ करते आणि रडणाऱ्या बाळांना खुळखुळा दाखवते.

अशा घरात फोटोंचा सुकाळ असेल असं कुणालाही वाटेल. आमच्या दोघांचा मिळून एकही फोटो नाही. लग्नात फोटोवाला बोलावला होता. त्याने आम्हाला शेजारी उभं केलं, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि हे म्हणाले, "उजेड मागून येतोय." तो म्हणाला, येऊ दे. झालं. हे तरातरा गेले, त्याच्या हातून कॅमेरा घेतला आणि लग्नाचे सगळे फोटो स्वतः काढले. सगळ्या फोटोंत मी आहे आणि माझ्या शेजारी नवरदेवाएवढी रिकामी जागा आहे. पुढे संसार झाला, लेक झाली, ती मोठी होऊन परगावी नोकरीला लागली. ह्यांची जागा मात्र कॅमेऱ्याच्या मागून हलली नाही.

म्हणून लेकीने आम्हाला डोंगरातल्या तळ्याकाठी राहायला जायची तिकिटं पाठवली तेव्हा मी एकच अट घातली. दोघांचा मिळून एक फोटो हवा. डोंगर नाही बघितला तरी चालेल.

"त्यात काय एवढं," हे म्हणाले. "फक्त कॅमेरा नीट निवडायला हवा."

इथेच घोडं अडलं. ह्यांनी पलंगावर सामान मांडायला सुरुवात केली. दुकानातला मोठा कॅमेरा, त्याचं तीन पायांचं लोखंडी स्टँड, दोन्ही दिवे, दिव्यांच्या छत्र्या, आणि सगळ्यांत खाली घडी घातलेला पांढरा पडदा.

"पडदा कशाला?" मी विचारलं.

"तुझ्यामागे धरायला."

"माझ्यामागे डोंगर असणार आहे."

"तेच म्हणतोय मी. डोंगर मध्येच वरखाली होतो. चेहऱ्यावरून लक्ष उडतं."

लग्न झाल्यापासून मी एक शिकले आहे, की ह्यांच्याशी वाद घालू नये, ह्यांना करून बघू द्यावं. मी म्हटलं, हे सगळं पाठीवर घ्या आणि आपल्या इमारतीचे जिने चढून या. डोंगर म्हणजे जिनाच, फक्त कठडा नसतो. हे निघाले. बराच वेळ झाला तरी येईनात म्हणून मी बघायला गेले, तर पहिल्या मजल्यावर शिंपिणीच्या दारात हे बसलेले, मांडीवर स्टँड, आणि शिंपीणबाई ह्यांना पाणी देत होती. "दमलो नाही," हे म्हणाले. "इथला उजेड बघत होतो." पडलो तरी नाक वर, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी आम्ही कॅमेऱ्यांच्या मोठ्या दुकानात गेलो. काउंटरमागे एक चष्मेवाली बाई होती, बोलायला गोड आणि कामाला हुशार. तिने विचारलं, "कशाचे फोटो काढता?"

"चेहऱ्यांचे," हे म्हणाले.

"आणि प्रवासात?"

"चेहऱ्यांचेच. उघड्यावर."

तिने एक भिंग दाखवलं, ज्यातून अख्खा डोंगर एका चौकटीत मावतो. ह्यांनी त्यातून तिच्याकडेच बघितलं आणि म्हणाले, "ह्यात तुमचे कान पसरट दिसतात." दुसऱ्या भिंगातून लांबचा पक्षी जवळ येत होता. ह्यांना पक्षी नको होता, पक्ष्याला कान नसतात. तिसरा कॅमेरा डोक्यावर पट्ट्याने बांधायचा होता. तो ह्यांनी माझ्या डोक्यावर बांधून बघितला आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी तो काढून काउंटरवर ठेवला आणि सांगितलं, की जो गळ्यात अडकवून दिवसभर चालता येईल तो द्या, मान मोडायला नको.

चष्मेवालीने मुठीएवढा एक कॅमेरा काढला. हलका होता, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही काढायचा. ह्यांनी तोंड वाकडं केलं. एकाच डब्यात दोन कामं करणाऱ्या वस्तूवर ह्यांचा विश्वास नाही. पण तो गळ्यात घातल्यावर मान ताठ राहिली, आणि मी लगेच पैसे देऊन पिशवीची चेन लावून टाकली. ती बिचारी सांगत होती, "काका, वरचं हे चाक इकडे फिरवलं की फोटो, तिकडे फिरवलं की व्हिडिओ. आणि..."

"बाई," हे म्हणाले, "मी बटणं दाबण्यात केस पांढरे केलेत."

ती गप्प बसली. मीही गप्प बसले, आणि त्याचा मला पुढे फार पस्तावा झाला.

डोंगरात गेलो. हवा गार, पायवाटा स्वच्छ, तळं तर असं निळं की बघत राहावं. हे दर वळणावर मला उभं करायचे. हनुवटी वर, कान मोकळे, नाक समोर. खटका दाबायचे, कॅमेरा छातीवर सोडायचे आणि पुढे चालू लागायचे. कॅमेऱ्यावर एक लाल ठिपका लुकलुकताना दिसला म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "चालू आहे हे सांगायला असतो तो." बॅटरी मात्र दुपारपर्यंतही टिकत नव्हती. आजकालच्या वस्तूंत दम नाही, असं म्हणून हे दुसरी घालायचे. काढलेले फोटो बघूया म्हटलं तर ते नाही. भात शिजताना सारखं झाकण काढायचं नसतं, फोटो घरी जाऊन बघायचा, हा ह्यांचा नियम.

दोघांच्या फोटोची गोष्ट काही पुढे सरकत नव्हती. आज उजेड कडक आहे, आज ढग आहेत, इथे बाक वाकडा आहे. शेवटच्या दिवशी मीच पुढे झाले. तळ्यावर होड्यांची तिकिटं देणारा एक माणूस होता. त्याला म्हटलं, भाऊ, आमचा दोघांचा एक फोटो काढता का? तो लगेच हात पुसत आला. हे कॅमेरा गळ्यातून काढेनात.

"आधी कधी फोटो काढलायत?" ह्यांनी त्याला विचारलं.

"पुष्कळ. रोज कुणी ना कुणी सांगतं."

"सरळ येतात?"

तो हसला. "थोडे इकडेतिकडे."

"मग राहू द्या," हे म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुम्ही आणि तुमचा कॅमेरा इथेच राहा, असं म्हणून मी तरातरा निघाले आणि मागे वळून बघितलं नाही. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला खरंच वाईट वाटत होतं. एवढ्या वर्षांत माणसाने एक गोष्ट मागावी, आणि ती उजेडावर अडावी.

घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. गिऱ्हाईक म्हणून एक प्लंबर येऊन बाकावर बसला होता, हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून. हे त्याला म्हणाले, जरा थांबा, आधी एवढे फोटो बघतो. कॅमेरा कॉम्प्युटरला जोडला. पहिला फोटो उघडला, त्यात मी, ताठ, नाक समोर. आणि मग माझं डोकं एकदम वर निघून गेलं, आभाळ गेलं, आणि पडद्यावर ह्यांचे बूट दिसू लागले. बूट चालत होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

ह्यांनी दुसरा उघडला. पुन्हा क्षणभर मी, मग बूट. तिसऱ्यात बूट आणि ह्यांची शिट्टी. कॅमेऱ्यावरचं चाक पहिल्या दिवसापासून व्हिडिओवर होतं. ह्यांनी एकदा दाबलं की व्हिडिओ सुरू व्हायचा, आणि पुढच्या वळणावर दाबलं की बंद. वळणं गेली आणि मधला रस्ता आला. अख्खा डोंगर पालथा घालून आम्ही घरी बूट आणले होते.

प्लंबर पुढे सरकून बघत होता. "डावा बूट झिजलाय," तो म्हणाला.

 हे एकामागून एक उघडत गेले. बूट, दगड, माझ्या चपला, माझी बडबड, एक कुत्रं. असं करत करत शेवटचा व्हिडिओ आला. तळ्याकाठची फरशी, ह्यांचे बूट, आणि मी पाय आपटत निघून गेल्याचा आवाज. बूट जागचे हलले नाहीत.

मग तिकीटवाल्याचा आवाज आला. "काका, रागावल्या की बाई. जाऊन बसायचं ना शेजारी. मी काढला असता."

"तिचा फोटो चांगला येतो हो," ह्यांचा आवाज. "मी शेजारी आलो की बिघडतो."

"बिघडतो म्हणजे?"

"माझा चेहरा बरा नाही फोटोत. दिवसभर चेहरेच बघतो मी, मला कळत नाही का? तिने सुंदर फोटो मागितलाय. त्यात मी कुठे घुसू."

त्यानंतर फरशी भराभरा मागे जाऊ लागली. ह्यांची धाप ऐकू येत होती. माझ्या चपला दिसल्या तसे बूट हळू झाले, आणि त्यांच्या मागून, थोडं अंतर ठेवून, गुपचूप चालत राहिले.

 हे खिळ्यावरचा कंगवा काढून पुसत बसले होते. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. आयुष्यभर मला वाटत होतं की ह्या माणसाला दुसऱ्या कुणाचं काम पसंत पडत नाही, म्हणून हा फोटोत येत नाही. इथे तर वेगळंच होतं, आणि ते माझ्याऐवजी त्या तिकीटवाल्याला सांगितलं होतं.

"बसा स्टुलावर," मी म्हटलं.

"अगं, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाईकच काढणार आहे."

कॅमेऱ्यावरचं चाक मी माझ्या हाताने फिरवलं, फोटोचं चित्र होतं तिथे. कॅमेरा प्लंबरच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी गच्च आवळला. आम्ही दोघं एका स्टुलावर अर्धे अर्धे बसलो. हे लगेच उठायला लागले. "अहो, नळ नाहीये तो, हलक्या हाताने..." मी ह्यांचा शर्ट मागून धरून ठेवला. प्लंबरने एक डोळा मिटला, मग तो उघडून दुसरा मिटला, आणि दाबलं.

फोटो असा आला आहे की आम्ही दोघं स्टुलासकट डाव्या बाजूला घरंगळतोय असं वाटावं. माझे डोळे अर्धे मिटलेले. ह्यांचं तोंड उघडं, बोट वर, एक कान चौकटीच्या बाहेर. हे किती तरी वेळ त्या फोटोकडे बघत उभे होते. मला वाटलं आता खोडून टाकतात.

"वाकडा आलाय," हे म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं होतं तेवढा मी वाईट नाही."

"मी तेच सांगणार होते," मी म्हटलं, "पण तुम्ही कधी विचारलं नाहीत."

ह्यांनी त्याची मोठी प्रत काढली, चांगल्या लाकडाची चौकट केली आणि दुकानात स्टुलासमोरच्या भिंतीवर स्वतः शिडी लावून टांगली. किती तरी वेळ मागे सरून, पुढे येऊन, मान कलती करून बघत होते. शेवटी चौकट अशी तिरकी टांगली की आतले आम्ही सरळ दिसतो. आता रोज कुणी ना कुणी गिऱ्हाईक स्टुलावर बसल्या बसल्या ती बघतं आणि हात लावायला उठतं.

"असू द्या," हे म्हणतात. "चौकट सरळ केलीत तर आम्ही दोघं पडू."