एकाच रिळातले बारा

आत्याच्या दुकानात मोजमापाची जुनी यंत्रं दुरुस्तीला येत. तिच्या हाताखाली काम करणाऱ्या भाचीला सगळे घाईताई म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. आत्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेली, ती जाताना एकच बजावून गेली, "माझ्या पेटीला हात लावू नकोस." झालं! नको म्हटलेलं कुणी कधी ऐकलंय का?

ती पेटी म्हणजे दुकानाचा जीव. आत अकरा रेझिस्टर ओळीने बसवलेले, आलेल्या व्होल्टेजचे अगदी सारखे वाटे करणारे. दुरुस्त झालेला प्रत्येक मीटर आधी तिच्याशी ताडून पाहायचा, मगच गिऱ्हाइकाला द्यायचा. केसाएवढी तार गुंडाळून ते सगळे आत्याने ऐन तारुण्यात स्वतःच्या हाताने केले होते.

घाईताईने नव्या डिजिटल मीटरवर एकेक तपासला. लिहिलेलं दहा हजार ओहम, आणि भरला अर्ध्या ओहमने जास्त. अकराच्या अकरा तसेच! "म्हातारे झाले बिचारे," ती म्हणाली आणि आत्याला खूश करावं म्हणून तिसरा काढून तिथे नवाकोरा, बरोब्बर दहा हजारांचा बसवला. ओढताना जुन्याची तार आतच तुटली. तिने तो खुशाल कचऱ्यात टाकला.

मग पेटी तपासली आणि तिचं तोंडच उतरलं. सकाळपर्यंत सारखे असलेले वाटे आता सारखे नव्हते, तिसरा लहान पडत होता. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अकराही जण वयाबरोबर सरकले होते खरे, पण सगळे सारखेच सरकले होते, म्हणून वाटणी चोख राहिली होती. हिने त्यांच्यात एक शहाणा आणून बसवला आणि सगळ्यांचं बिघडवलं.

दुपारी आत्या आली, एका डोळ्यावर पट्टी.

"आत्या, मी माती खाल्ली," घाईताईने सगळं सांगून टाकलं.

"अगं कार्टे!" आत्या मटकन खुर्चीत बसली.

"नव्याला अर्धा ओहम जोडू का?"

"आज जमेल. उद्या ऊन तापलं की हे दहा एकीकडे सरकतील आणि तुझा नवा भलतीकडे. त्याच रिळाची तार हवी, आणि ते रीळ केव्हाच संपलं." तिने पेटी जवळ ओढली. "आता कशाच्या जोरावर लोकांना सांगू, तुमचा मीटर बरोबर आहे म्हणून?"

घाईताईला रडूच फुटलं.

"रडून काय होणार? मी बारा गुंडाळले होते," आत्या म्हणाली. "एक जास्तीचा. कुठे टाकला देव जाणे. भंगाराचा डबा काढ."

माळ्यावरून डबा उतरला. वरपर्यंत तसल्याच तपकिरी रेझिस्टरांनी भरलेला, आणि वरची अक्षरं सगळ्यांचीच पुसलेली. घाईताई जन्मात पहिल्यांदा घाई न करता एकेक मोजू लागली. कुणी दोन ओहम जास्त, कुणी तीन कमी, कुणी पार मेलेला. ज्याची त्याची तऱ्हा. आत्या डोळे मिटून आकडे ऐकत होती.

आणि एक निघाला. अर्धा ओहम जास्त, शेवटच्या आकड्यापर्यंत तोच! हाताच्या उबेने फसगत नको म्हणून घाईताईने हात काढला, श्वास रोखला, वाट पाहिली. आकडा हलेना. बाकीचे पेटीत राबत होते, आणि हा एवढी वर्षं डब्यात धूळ खात एकटा पडला होता. तरी जेवढे ते सरकले तेवढाच हाही सरकला होता, ना कमी ना जास्त.

"आत्या, याला कुणी सांगितलं गं, किती सरकायचं ते?"

"मलाही नाही ठाऊक," आत्या हळूच म्हणाली. "बसव पेटीत, कथलाचा डाग दे त्याला."

"मी? परत?"

"मग काय एका डोळ्याने मी देऊ?"

घाईताईने त्याचा तारेचा पाय चिमट्यात धरून डाग दिला आणि तो पार निवेपर्यंत थांबली. मग पेटीवरचं बटण एकेक घर फिरवत वाटे वाचले. सगळे सारखे.

"परत वाच," आत्या म्हणाली.

तिने परत वाचले. पट्टीखालून आत्याच्या गालावर ओघळ आला.

"अगं, डोळ्याला पाणी लावू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"ते बाहेरचं पाणी, पोरी. हे आतलंच आहे, त्याला मी काय करू? तू वाच."