कबुतरवाल्याची साक्ष

मी थापा मारतो असं आमच्या हिचं, म्हणजे प्रमोदिनीचं, म्हणणं आहे. आता मस्कतच्या बंदरात मी वीस वर्षं क्रेन चालवली. हवा स्वच्छ असली की वरून पलीकडचा इराण दिसायचा आणि शुक्रवारी तिथल्या पुलावाचा वासही यायचा, एवढंच मी सांगतो. ज्याला क्रेनवर चढता येत नाही त्याने ह्यावर बोलू नये.

२०२०च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं मुलाकडे, विक्रांतकडे, आयर्लंडात डब्लिनजवळच्या ल्यूकनला तीन महिन्यांसाठी आलो आणि पाठोपाठ विमानं बंद झाली. मुलगा-सून दिवसभर वेगवेगळ्या खोल्यांत लॅपटॉपशी बोलत बसायची. मग मी मागच्या परसात जायचो. तिथे उंच लाकडी कुंपण, आणि कुंपणापलीकडे अबू नादिर. हा मूळचा सीरियातल्या होम्सचा, इथे बेकरीत कामाला. तो पावाच्या क्रेटवर उभा राहायचा, मी उपड्या कुंडीवर. कितीतरी महिने आम्ही एकमेकांची नुसती मुंडकीच ओळखत होतो.

त्यांच्यात बापाला मुलाच्या नावाने हाक मारतात. त्यामुळे मी झालो अबू विक्रांत आणि ही उम्म विक्रांत.

"बघा," ही म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं मला 'अगं' म्हणताय. ह्याने दोन दिवसांत मला नाव दिलं."

अबू नादिरने परसाच्या कोपऱ्यात फळ्या ठोकून खुराडं केलं होतं आणि गॉलवेच्या कुणा म्हाताऱ्याकडून कबुतरं आणली होती. पांढरी, करडी, एक-दोन अगदी चहाच्या रंगाची. संध्याकाळी ती सोडून तो शीळ घालायचा. मी एकदा विचारलं, एवढा जीव का टाकतोस. तो म्हणाला, "अबू विक्रांत, ह्या देशात मी हाक मारल्यावर येणारं दुसरं कोण आहे?" 

२०२१च्या मे महिन्यात वसाहतीच्या समितीचा गेरॅटी त्याच्या दारात येऊन उभा राहिला. गेरॅटी म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर, माणूस वाईट नाही. त्याला पद्माकर म्हणता येत नाही म्हणून मला पॅडी म्हणतो. पण आमच्या दोघांच्या परसांना लागून असलेल्या आपल्या घराला त्याने नवी काचेची खोली जोडली होती आणि कबुतरं तिच्या छपरावर बसून जे करायचं ते करत होती. तो अबू नादिरला म्हणाला, "कबुतरांचं काय करायचं, ह्याचा तुम्ही कदाचित विचार कराल. रविवारी आम्ही समितीचे चौघं येऊन जाऊ."

अबू नादिर खुशीत कुंपणाशी आला. "'माइट' म्हणाला तो. मुम्किन. म्हणजे विचार करेन, नाहीतर नाही करणार."

"अरे बाबा," मी म्हणालो, "इथला 'माइट' म्हणजे मखमली जोडे घातलेला हुकूम. रविवारी त्यांचं समाधान झालं नाही तर कबुतरं गेली."

त्याचं मुंडकं कुंपणाखाली गेलं आणि वर आलं ते वही-पेन्सिल घेऊनच.

तर असे आमचे इंग्रजीचे वर्ग सुरू झाले. माझं अरबी बंदरावरचं, त्याचं इंग्रजी बेकरीतलं. पण शिकवायला विषय असा मिळाला की ज्यात माझी हयात गेली. कारण 'मस्ट', 'माइट', 'कुड' हे शब्द म्हणजे थाप मारणाऱ्याची अवजारं.

मी त्याला म्हटलं, "तुमच्या एका मुम्किनमध्ये तुम्ही चार भाऊ कोंबता: कॅन, कुड, मे आणि माइट. इथे प्रत्येकाला वेगळी खुर्ची द्यावी लागते. ऐक. मस्कतच्या धक्क्याला एकदा मासा लागला, आमच्या जहाजापेक्षाही लांबलचक. मी शपथेवर सांगितलं 'तो मासाच होता', तर लोक हसतील. 'मासा असू शकेल', इथे 'माइट', तर लोक कान देतील. 'मासाच असणार, दुसरं काय', इथे 'मस्ट', तर अर्धे लोक धक्क्यावर बघायला जातील."

"आणि होता का मासा?"

"तू व्याकरणाकडे लक्ष दे."

तो 'आय मस्ट टू गो' म्हणायचा. मी म्हटलं, तुमच्या पुस्तकी अरबीत दोन क्रियापदांच्या मध्ये 'अन्' नावाचा दरवान बसतो, तो तू इंग्रजीत 'टू'चे कपडे घालून आणतोस. ह्या साहेबांना दरवान चालत नाही, थेट आत जायचं. शिवाय ह्यांच्या शेपटाला 'एस' लावायचा नाही. 'ही कॅन्स' म्हटलंस तर गेरॅटी कबुतरं सोडून तुलाच हाकलेल. सगळ्यांत घोळ झाला तो नकाराचा. त्याचं 'मिश लाझिम' 'गरज नाही'लाही चालतं आणि 'करू नये'लाही. इथे एकाला 'डोंट हॅव टू' आणि दुसऱ्याला 'मस्ट नॉट'. "पाहुण्याला 'चहा घ्यायलाच पाहिजे असं नाही' म्हणायचं की 'खबरदार चहा घेतलास तर', ते तुझं तू ठरव," असं सांगितल्यावर मात्र ते त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

रविवारपर्यंत आम्ही एक भाषण बसवलं. त्यात एवढे 'वुड' आणि 'कुड' होते की ऐकणाऱ्याला बसायला उशी मिळाल्यासारखं वाटावं.

रविवारी ही आणि मी रस्त्याने वळसा घालून त्याच्या परसात गेलो. अबू नादिरला मी पहिल्यांदाच पायापर्यंत पाहिला. चांगला उंच निघाला. समितीचे चौघं दोन-दोन मीटर अंतर ठेवून उभे होते, जणू कुणी पटावर मांडलेत. त्याने भाषण सुरू केलं आणि सुंदर केलं. दरवान नाही, शेपूट नाही. एक बाई तर मान डोलवायला लागल्या.

गेरॅटी म्हणाला, "छान बोललात. पण माझ्या छपरावर बसणार नाहीत, असा शब्द देता?"

अबू नादिर थांबला. मी हळूच खुणावलं, की 'शुड नॉट' म्हण आणि सुट. तो म्हणाला, "आमच्याकडे म्हणतात, कबुतरवाल्याची साक्ष कोर्टात धरू नये. दुसऱ्याची कबुतरं फितवतो, म्हणून तो खोटा. तेव्हा माझा शब्द घेऊ नका. तुम्ही स्वतः बघा."

आणि त्याने खुराड्याचं दार उघडलं.

कबुतरं वर गेली, वळली, ऊन त्यांच्या पोटावर चमकलं. गेरॅटीसुद्धा तोंड उघडं टाकून बघत होता. अबू नादिरने शीळ घातली. सगळा थवा खाली झुकला, गेरॅटीच्या काचेच्या छपरावर टेकला, दोन पावलं चालला, आणि तिथून उडून कुंपणापलीकडे आमच्या शेडवर जाऊन बसला. त्याने पुन्हा शीळ घातली. एकाही कबुतराने मान वळवली नाही.

अबू नादिरने हात खाली सोडले. 

मला मात्र तेव्हा लख्ख कळलं. मागच्या पितृपक्षात हिने शेडवर पान ठेवलं होतं. इथले कावळे टीव्हीच्या अँटेनावर बसून राहिले, शिवले नाहीत. ते पान ह्या कबुतरांनी संपवलं. "सासऱ्यांना कुठल्या का रूपात होईना, पोचलं," असं म्हणून ही तेव्हापासून रोज तिथे भात ठेवते, वर तुपाची धार. खुराड्यातले जव टाकून तुपाच्या भाताकडे कोण जाणार नाही? आणि वाटेत विसाव्याला गेरॅटीचं छप्पर.

मी पुढे होऊन सगळं खरं खरं सांगितलं, अगदी तुपासकट.

गेरॅटीने माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. "पॅडी, मित्रासाठी बोलतोस, कळतं मला. पण गेल्या आठवड्यात तू मला त्या क्रेनवरून इराण दाखवलास."

आयुष्यात एवढं निर्भेळ सत्य मी क्वचितच बोललो असेन, आणि त्याचं हे झालं.

ही माझ्या शेजारी उभी होती, ती निघाली. मला वाटलं, लाजून घरी चालली. थोड्या वेळाने रस्त्यावरून कसलीशी फडफड आणि पोरांचा गलका ऐकू आला. आम्ही फाटकाशी गेलो. साडीवर विक्रांतचं जाकीट, पायात मोजे आणि चपला, भाताचं पातेलं डोक्याच्या वर धरून प्रमोदिनी चालत येत होती, आणि तिच्यावर सगळा थवा घिरट्या घालत येत होता. घराघरांतून माणसं दारात आली. ही कोणाकडेही न बघता सरळ परसात शिरली, खुराड्याच्या तोंडाशी पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "या रे." कबुतरं उतरली, भात खाल्ला, आणि जी चहाच्या रंगाची होती ती पोट भरल्यावर आपणहून आत जाऊन बसली.

"माय राइस," ती गेरॅटीला म्हणाली. "हिज बर्ड्स गुड."

गेरॅटीने टोपी काढून डोकं खाजवलं. मग इतर तिघांकडे पाहिलं. बाई हसत होत्या. "भात इथेच द्यायचा," तो म्हणाला, "शेडवर नाही. मग माझी काही तक्रार नाही. ग्रँड." आणि अबू नादिरला म्हणाला, "तुमच्याकडच्या कोर्टाने ह्या बाईंना बोलवायला हवं होतं."

 अबू नादिर खाली बसून खुराड्यातल्या एकेकाच्या पाठीवरून बोट फिरवत होता.

पुढच्या शनिवारी गेरॅटी करवत घेऊन आला. पातेलं घेऊन म्हाताऱ्या बाईने रोज रस्त्याने वळसा घालणं त्याला पटेना. विक्रांत आणि त्याने मिळून कुंपणाच्या दोन फळ्या काढल्या, बिजागऱ्या बसवल्या, आणि हे दार कबुतरांसाठी नसून माणसांसाठी आहे असं त्याने मला दोनदा बजावलं.

आता सकाळी ही तिकडून जाते आणि बराच वेळ येत नाही. अबू नादिर तिला अरबीतून कबुतरांची नावं सांगतो, ही त्याला मराठीतून माझी गाऱ्हाणी सांगते. दोघांचं उत्तम चाललंय. काल मी दाराशी जाऊन म्हटलं, की मस्कतला एका कबुतराने माझा पाना पळवला होता. दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही. कबुतरं मात्र ऐकत होती.