गोड माती

"मिस्त्री, बाहेर ये आधी! ये म्हणते ना!"

शेळीवाली मावशी अशी ओरडायला लागली की आमच्या गल्लीतली दारं एकापाठोपाठ एक उघडतात. त्या सकाळीही उघडली. माझंही उघडलं. मी मात्र नेहमीसारखा उंबऱ्याच्या आतच उभा राहिलो. समोर मिस्त्रीच्या दारात मावशीची काळी शेळी आडवी पडली होती. पाय ताठ, तोंडाला फेस, आणि डोळे असे की जिवंतपणीच त्यांतलं काही निघून गेलं असावं.

मिस्त्री हातातला चहाचा कप घेऊनच बाहेर आला.

"काय झालं, मावशी?"

"काय झालं म्हणून विचारतोस? तुझी भिंत चाटून मेली ही!"

"भिंत चाटून कुणी मरतं होय? इकडे ये, माझ्या भिंतीचं काय केलंय ते बघ. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत खळगा पाडलाय तुझ्या शेळ्यांनी. उलट मीच तुझ्याकडे यायचा होतो भांडायला."

"भांड की! जनावर गेलं माझं."

"म्हातारी झाली असेल."

"म्हातारी मी झालेय, मेल्या! ही दुसऱ्या वेताची होती."

लोक हसले. मावशीला हसू आलं नाही. ती खाली बसली आणि शेळीच्या कानावरून हात फिरवत म्हणाली, "किती दिवस भिंतीला डोकं टेकून उभी राहायची. समोर पाला धरला तरी दिसायचा नाही हिला. नुसती दात खायची करकर. आजवर इतकी जनावरं मेली माझ्या हातात, असं मरण नाही बघितलं."

ही भिंत साधी नव्हती. ते घर पाहायला शहरातून गाड्या येत. हिरव्या घरांच्या योजनेत आमच्या गावात एक नमुना बांधायचा ठरला, तेव्हा एक तरुण इंजिनियर बाई आल्या आणि मिस्त्रीच्या ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "काका, तुमचे वडील कसं बांधायचे?" असा प्रश्न त्याला कुणी आयुष्यात विचारला नसावा. गावात सगळीकडे सिमेंटची घरं उठली होती आणि मिस्त्री दुसऱ्यांच्या सिमेंटवर रोजंदारीने थापी मारत होता. योजनेने त्याच्याच जागेवर घर बांधायला घेतलं. हातभर जाडीच्या, ठोकून ठोकून बसवलेल्या मातीच्या भिंती, वाऱ्याची दिशा बघून ठेवलेल्या खिडक्या, छपरावर मातीचा थर आणि त्यात गवत. भर उन्हाळ्यात आत शिरलं की घागरीत उतरल्यासारखं गार वाटायचं. सिमेंटचं एक पोतं लागलं नव्हतं. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मिस्त्री घरापेक्षा ताठ उभा आहे.

माती कुठली घ्यायची, यावर मात्र बाई जरा अडखळल्या होत्या. त्यांना ती आधी तपासून घ्यायची होती. मिस्त्री हसला. भिंतीची माती तळ्याच्या तळातलीच, हे आमच्याकडे ठरलेलं. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळ काढायचा. तळं खोल होतं, शेताला खत होतं, भिंतीला माती होते. आणि तपासायची रीत मिस्त्रीच्या घराण्यात एकच होती. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. खारट, आंबट लागली तर टाकून द्यायची, कारण अशी भिंत पुढे फुलते आणि ढासळते. गोड लागली तर घ्यायची. यामुळे त्याच्या बापाला लोक चाखमिस्त्री म्हणत, पुढे तेच नाव याला लागलं. बाईंच्या देखत त्याने माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाला, "गोड आहे." बाईंनी टाळी वाजवली. त्या शिकूनसवरून हेच शोधत आल्या होत्या, त्यांनी आणखी कुणाला विचारायचं?

पावसाळा सरला आणि भिंतींवर पांढरी बुरशीसारखी पूड उमटली. मिस्त्री फडक्याने पुसायचा, ती परत यायची. मग शेळ्या यायला लागल्या.

तर त्या सकाळी भांडण वाढत गेलं. मिस्त्री म्हणाला, "तुझ्या जनावरांना वळण नाही, त्याचं खापर माझ्या घरावर का फोडतेस?"

मावशी उठून उभी राहिली. तिला बहुधा हे बोलायचं नव्हतं, पण तोंडून गेलं. "वळण? मग तुझ्या पोरीला लाव वळण! ती पण तेच करते. मागच्या भिंतीला नखाने खरवडते आणि तोंडात टाकते. रोज बघते मी."

सगळे दाराकडे वळले. मिस्त्रीची मुलगी दारात येऊन उभी होती. तिचा नवरा लांबच्या बंदरावर कामाला, म्हणून ती आईबापांकडे राहायची. पोट चांगलंच दिसत होतं. तिने ओढणी पुढे ओढली.

"एवढं काय त्यात, बाबा? चिमूटभर तर असते. पोटुशी बाई माती खातेच की कधीकधी. आईनेही खाल्ली होती माझ्या वेळी, तीच सांगते."

"खाल्ली होती," तिची आई म्हणाली. "पण थोडीशीच."

"मला हिची चव आवडते. मळमळतं ना सारखं, तर बरं वाटतं. खारट आहे."

"काय आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"खारट. मीठच जसं."

तो तिच्याकडे बघत राहिला. त्याची बायको भिंतीपाशी गेली, बोट फिरवून जिभेला लावलं आणि तिथल्या तिथे थुंकली. मग मिस्त्री गेला. त्याने पूड चांगली बोटभर घेतली, तोंडात ठेवली, डोळे मिटले. जीभ आत फिरताना गालावरून दिसत होती. त्याने आणखी घेतली. मग आणखी.

"अहो, पुरे," बायको म्हणाली. "काय करताय?"

त्याने पुन्हा बोट भिंतीला नेलं. बायको त्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला हळूहळू उमगत गेलं ते आम्हा सगळ्यांना तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तुम्हाला लागत नाही," ती म्हणाली. "त्या मोठ्या तापापासून ना? कधीपासून कालवणाला नावं ठेवली नाहीत. मला वाटायचं, आता माझा हात बसला."

"कुणाला सांगणार?" मिस्त्री म्हणाला. "चाखमिस्त्रीची जीभ गेली म्हणून सांगू? पहिल्यांदा कुणी माझ्या हातचं घर मागितलं होतं."

मुलीला त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. गाडी माझ्या पुतण्याची, म्हणून मीही मागे बसलो. डॉक्टरीण बाईंनी रक्त काढून पुढे पाठवलं, काही दिवसांनी परत बोलावलं आणि सांगितलं की रक्तात शिसं आहे, फार आहे, आणि आईच्या रक्तातलं बाळाला मिळतंच.

"काढता येईल ना?" मिस्त्रीने विचारलं.

"आधी तिला त्या घरातून बाहेर काढा," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

मुलगी आणि तिची आई माझ्या पुढच्या खोलीत राहायला आल्या. मिस्त्रीने घर पाडायला घेतलं. इंजिनियर बाई धावत आल्या. त्यांनी तळ्याचा गाळ आता तपासून घेतला होता. ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढण्याचा कारखाना आहे. गावातली बरीच माणसं तिथे कामाला जातात. फाटकावर हिरव्या पानाचं चित्र आहे, कारण तिथे टाकाऊतून नवं निघतं. त्याचं पाणी ओढ्यातून तळ्यात उतरत होतं. बाई त्या पाडलेल्या भिंतीजवळ उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "काका, मी तपासायला हवी होती." मिस्त्री म्हणाला, "मी सांगायला हवं होतं."

तळं आटायला लागलं होतं. गाळ काढायचे दिवस जवळ आले, तसं मिस्त्रीने ठरवलं की गावाला सांगायचं. भाजीचे ट्रक भरतात त्या शेडमध्ये सगळे जमले होते. तो मधोमध उभा राहिला आणि जे बायकोलाही इतके दिवस सांगितलं नव्हतं ते सगळ्यांसमोर बोलला. "माझी जीभ गेलीय. मला कळलं नाही. गाळात शिसं आहे. शेतात टाकू नका."

कुणीतरी मागून म्हणालं, "तुझी जीभ गेली म्हणून आमचं तळं नासलं होय रे?"

हशा झाला. बाईंनी समजावून बघितलं. गावचा पुढारी, ज्याला सगळे दादा म्हणतात, नम्रपणे म्हणाला, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. हे बाहेर बोललात तर आमचा टोमॅटो कोण घेईल? मिस्त्रीच्या पोरीचं वाईट वाटतं, पण तिने भिंत खाल्ली. आमच्या पोरीबाळी भिंती खात नाहीत."

"टोमॅटो खातात ना?" शेळीवाली मावशी मागून ओरडली.

"तू गप ग! तुला शेळीचे पैसे हवेत, माहितेय," गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"पैसे घाल चुलीत! माझी शेळी आंधळी होऊन मेली!"

ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. माल उन्हात होता. लोक पांगले. मिस्त्री तिथेच उभा राहिला, आणि त्याला घरी चल म्हणायला मी पुढे गेलो, पण शेडच्या खांबापाशीच थांबलो.

बाळ दिवस भरायच्या आधीच आलं. मुलगी होती. रडली नाही.

गेलेल्या लहान मुलांना आमच्याकडे तळ्याच्या काठावर पुरतात, तिथली माती मऊ म्हणून. पुढच्या खोलीत अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडलेली बाळाची आई एवढंच म्हणाली, "तिथे नाही."

"मग कुठे?" मिस्त्रीने विचारलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

"जिथे ते पाणी जात नाही तिथे."

ते पाणी जात नाही अशी जागा म्हणजे मागची टेकडी. तिथे कुणी काही पेरत नाही, शेळ्यासुद्धा नाइलाज असला तरच चढतात. आम्ही चौघं निघालो. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मिस्त्रीच्या हातात, पहार माझ्या खांद्यावर, मावशी आणि मिस्त्रीची बायको. मुलीला कुणी येऊ देत नव्हतं, तरी ती उठून आली. दर थोड्या वेळाने दगडावर बसायची आणि आम्ही थांबायचो.

वर सपाटी बघून मिस्त्रीने खणायला घेतलं. बोटभर माती आणि खाली खडक. पहारीच्या टोकातून ठिणग्या उडायच्या. मी थोडा वेळ खणलं, माझ्याच्याने होईना. त्याने पहार परत घेतली. वरून सगळं तळं दिसत होतं. ट्रॅक्टर आत उतरले होते आणि ट्रॉल्या भरून काळी माती शेतांकडे चालली होती. एवढ्या लांबूनसुद्धा ती किती मऊ आहे ते दिसत होतं.

"बाबा, ते भरतायत," मुलगी म्हणाली.

"हो."

"तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं, बाळ."

खड्डा कसाबसा हातभर झाला. मिस्त्रीने बाळ आत ठेवलं, दुपट्याच्या कडा नीट केल्या. मग कळलं की वर ओढायला पुरेशी माती नाही. खणून निघाले होते ते सगळे दगडच. आम्ही खडकांच्या भेगांतून, गवताच्या मुळांखालून ओंजळ ओंजळ माती गोळा करायला लागलो. मावशी पदरात आणायची. मिस्त्रीची बायको रडत रडत नखांनी खरवडत होती. आम्ही आणायचो, ओतायचो, पुन्हा जायचो.

"अजून आणा," मुलगी म्हणाली. "दुपटं दिसतंय."

आम्ही पुन्हा वरच्या खडकांकडे चढायला लागलो.