तिसऱ्या मजल्यावरची माफी

बाबांच्या पलंगाभोवती एक वॉकर, दोन बर्फाच्या पिशव्या, पाकीटही न फोडलेले तीन रबरी पट्टे आणि एक हिब्रू पंचांग होतं. रोज हात लागत होता तो फक्त पंचांगाला.

मी त्यांच्या नव्या गुडघ्याला कोनमापक लावला. अडुसष्ट अंश. मी फिजिओथेरपिस्ट आहे; परक्यांचे गुडघे माझं ऐकतात. महिन्याभरात नव्वद झाला नाही, तर पुन्हा भूल देऊन तो जबरदस्तीने वाकवावा लागेल, असं सर्जननी बजावलं होतं. भुलीची बाबांना धास्ती होती आणि व्यायामाचा कंटाळा.

"एलुल लागला," पंचांगावर बोट ठेवून ते म्हणाले. "आता मन दुरुस्त करायचा महिना."

"आणि गुडघा?"

"गुडघ्याचा महिना पंचांगात नाही."

एलुल म्हणजे आम्हा ज्यूंच्या नव्या वर्षाआधीचा महिना. ज्याला दुखावलं त्याच्याकडे जाऊन माफी मागायची. तो नाही म्हणाला तर पुन्हा जायचं, असं तीनदा. त्यानंतर मागणारा मोकळा. ही माफी फोनवर चालत नाही, असं बाबांचं स्वतःचं ठाम मत.

त्यांना जायचं होतं मोठ्या काकांकडे. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे कालगणना त्यांना घरचीच शेती वाटते. आजी अदार महिन्यात गेली. आमच्याकडेही काही वर्षी अधिक महिना येतो आणि अदार दोन होतात. यंदा तसंच झालं. बाबांनी आजीचा स्मृतिदिन पहिल्या अदारात पाळला, काकांनी दुसऱ्यात. प्रथा दोन्ही आहेत. तरी काकांच्या घरी प्रार्थनेला जमलेल्या दहा जणांसमोर बाबा बोलून गेले, "याला आई कधी गेली तेही ठाऊक नाही." आजीला शेवटचं पाणी पाजलं होतं काकांनी. तेव्हापासून दोघांत अबोला.

काका शिंपी. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या खेपेला बाबा माझ्या खांद्यावर भार टाकून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले आणि जिना बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिले. वर पोचल्यावर त्यांनी आधी अदारचं गणित मांडलं, आपण कसे बरोबर होतो ते सिद्ध केलं आणि मग माफी मागितली. काकांनी चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गणित जरा आटोपशीर झालं होतं. काकांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी नुसती आडवी मान हलवली. बाबा तणतणत जिन्याकडे वळले, तेव्हा काकांनी मला दारात थांबवलं आणि टाचण्या काढल्या.

"किती वाकतो?"

"एक्क्याऐंशी."

"किती हवा?"

"नव्वद."

काकांनी टाचण्या परत तोंडात घातल्या.

घरी आल्यावर बाबांनी रबरी पट्ट्यांचं पाकीट दातांनी फोडलं. आता एकच खेप उरली होती. पुन्हा नकार आला तर पाप दादाच्या माथी, पण त्याच्यासमोर लंगडत जायचं नाही, असं म्हणत ते सकाळ-संध्याकाळ दातओठ खात पाय ताणू लागले.

तिसऱ्या खेपेला ते कठड्याला धरून एकटे चढले. काकांचं मशीन चालू होतं. बाबा दारातच उभे राहिले. पंचांग घरी राहिलं होतं.

"दादा, मी त्या दिवशी बोललो ते खोटं होतं. आईजवळ तू होतास. मी नव्हतो."

मशीन थांबलं. काकांनी सुईखालचं कापड काढलं, घडी केली, मग तीच घडी मोडून पुन्हा केली.

"माफ केलं," ते म्हणाले. "पण जिना सुटत नाही. दोन अदार आले की दोन्ही वेळा यायचं."

"आणि एकच आला तर?"

"तर काय वर्षभर घरी लोळणार? दर आठवड्याला ये."

त्यांनी पायाने एक बुटकं स्टूल पुढे सरकवलं. बाबांनी एकदा माझ्याकडे, एकदा स्टुलाकडे पाहिलं आणि बसले. मी पिशवीतून कोनमापक काढून गुडघ्याला लावला.

शहाण्णव अंश.