हेमराजच्या नावाची मूठ

क्रेनने शेवटचं अक्षर खाली टेकवलं आणि एका माणसाने बटण दाबून लाईट लावून बघितली. 'आय लव्ह नवागाम'. इंग्रजीतली पुरुषभर उंचीची अक्षरं आणि मध्ये लालभडक बदाम. भर दुपारी लाईट ती काय दिसणार, तरी पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि लगेच मोबाईल काढले. गल्लीतल्या बायका मात्र कडेला गप्प उभ्या होत्या. त्यांच्यातली एकही सुंदराकडे बघत नव्हती, आणि त्या मुद्दामच बघत नाहीत हे सुंदराला कळत होतं.

शेवटी सरलाबाईने तोंड उघडलं. सरलाबाई भिंतीला भिंत लागून राहणारी. दोघी एकाच साली लग्न होऊन खानदेशातून सुरतेला आलेल्या. मनातलं मनात ठेवणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

"सुंदरा, आते कोनी बाई अडनी ते तिले आठेच झोपाडूत का, या बदामना खाले?"

एक-दोघी हसल्या. सुंदरा घरी आली आणि अर्धवट राहिलेली साडी पुढ्यात ओढून टिकल्या चिकटवायला बसली. पण त्या दिवशी तिच्या हातून सगळ्या टिकल्या वाकड्या लागल्या.

त्या जागेवर दवाखाना व्हायचा होता. जागा मोकळी राहिली होती तीच मुळी या बायकांमुळे. एरवी नवागाममध्ये हातभर जमीन कोणी रिकामी सोडत नाही. पण श्रावणात या बायका तिथे कानबाईचा मांडव घालायच्या आणि देवीच्या जागेवर टपरी टाकायची छाती कोणाची झाली नव्हती. मागच्या महापालिका निवडणुकीच्या आधी, नगरसेवकपदाला उभ्या राहिलेल्या हेमराजने सगळ्यांना त्याच मांडवात बसवून सांगितलं होतं की इथे आपण दवाखाना करू. डॉक्टर येईल, नर्स येईल, बाळंतपणाची खोली होईल. सुंदराच्या नवऱ्याचं, सुकदेवचं, नाव घेऊन तो म्हणाला होता की दादाला साखरेची तपासणी करायला मग गल्लीबाहेर जावं लागणार नाही.

लोक असलं ऐकतात आणि सोडून देतात. हेमराजचं मात्र कोणी सोडून दिलं नाही, आणि त्याला कारण सुंदरा होती.

कानबाईच्या नैवेद्याचा रोट करायचा तर आधी गहू काढावे लागतात. घरात जितके पुरुष, तितक्या मुठी. एकेकाचं नाव घ्यायचं आणि मूठभर गहू सुपात टाकायचे, पाळण्यातल्या पोराचीही मूठ चुकवायची नाही. त्या पिठाचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला घासभरसुद्धा द्यायचा नाही. त्या श्रावणात सुंदरा सूप घेऊन बसली होती, सुकदेवची मूठ टाकून झाली, मुलाची, अमोलची, झाली, आणि उंबऱ्यात बसलेला हेमराज म्हणाला, "वहिनी, मनी बी एक मूठ ल्या. मी काय परका शे का?"

आडनाव एक, गाव शिंदखेड्याकडचं, शेजारचंच. तरी सुकदेव जरा घुटमळला होता. सुंदराने मात्र मूठ टाकली. एवढा गाडीतून फिरणारा माणूस आपल्या घरच्या सुपात नाव मागतो, म्हणून तिचा ऊर भरून आला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मांडी घालून रोट खाल्ला आणि ते साऱ्या गल्लीने पाहिलं.

पुढे प्रचार असा काही करावाच लागला नाही. सुंदराने त्याची मूठ घेतली, एवढं बायकांना पुरे होतं. मुठीतल्या माणसाला कोणी पक्ष विचारत नाही, की लिहून दे म्हणत नाही. मतदानाच्या दिवशी सुंदरा पुढे आणि गल्ली मागे, अशा त्या गेल्या आणि हेमराजला निवडून देऊन आल्या.

त्यानंतर तो रोट खायला एकदाही आला नाही. सुंदरा मात्र दर श्रावणात त्याची मूठ घेत राहिली, कारण एकदा घेतलेली मूठ जित्या माणसाची टाळत नाहीत. त्याच्या वाटणीचा रोट ती तापीत सोडून यायची. हेमराजने पहिल्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी स्वतःच्या नावाची कमान बांधली. मग बाकडी आली, त्यांच्यावरही त्याचंच नाव. दवाखान्याचं विचारलं की ऑफिसातला माणूस "फंड नथी, माँजी" म्हणायचा. आणि आता आचारसंहिता लागायच्या आत ही अक्षरं उभी राहिली. खर्चाचा फलक गुजरातीत होता. सून पल्लवीने तो वाचला आणि शून्यांपाशी तिची जीभ अडखळली.

मधल्या काळात सुकदेवच्या पायाला जखम झाली होती. उभा जन्म लूमपुढे उभं राहण्यात गेला, त्यात साखर. दोन बोटं काढावी लागली तरी जखम भरेना. एक दिवसाआड ड्रेसिंगला रिक्षाने मोठ्या दवाखान्यात जायचं, रांगेत बसायचं, दुपार टळली की परत यायचं. रिक्षा रेल्वे फाटकापाशी अडकली की तो पाय हातात धरून बसायचा. कळ आली तरी तो हूं की चूं करायचा नाही, त्याचाच सुंदराला जास्त त्रास व्हायचा.

सरलाबाईचं बोलणं दोन दिवस तिच्या डोक्यात राहिलं. तिसऱ्या दिवशी ती एकटीच हेमराजच्या ऑफिसात गेली.

हेमराज उठून उभा राहिला. लोकांसमोर वाकून पाया पडला, वहिनी वहिनी करत चहा मागवला. सुंदराने चहा बाजूला ठेवला आणि दवाखान्याचं काय झालं ते विचारलं. आजूबाजूची माणसं उठून गेल्यावर तो खुर्ची पुढे ओढून बसला. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, घरच्या माणसाला सांगावं तसं तो सांगत होता.

"वहिनी, तुमले खरं सांगस. दवाखाना बांधा ते डॉक्टर लागस, नर्स लागस, रोजन्या गोया लागतस. एक दिन डॉक्टर नही उना का लोक मना नावनी बोंब मारतस. या अक्षरस्ले काय लागस? लाईट लावा का व्हई गयं काम."

"मंग मी बायास्ले काय सांगू?"

"सांगानं काय? तुम्ही मना नावनी मूठ लिन्ही, हाई समदास्ले माहीत शे."

सुंदराला क्षणभर वाटलं, याने आपल्या देवघरात हात घालून काहीतरी उचलून नेलं आणि आता तेच आपल्याला दाखवतो आहे. तिला बोलायचं होतं, पण तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं आणि हातात खमणची डिश घेऊन योगराज बाहेर आला. योगराज म्हणजे यंदा हेमराजच्या विरुद्ध उभा राहणारा. आदल्याच दिवशी रिक्षावर भोंगा लावून त्याने गल्लीत हेमराजला चोर म्हटलं होतं. आणि इथे तो चपला काढून, शर्टाची बटणं सोडून, घरच्यासारखा वावरत होता. फलकावर ठेकेदार म्हणून कोणाचं नाव पल्लवीने वाचलं होतं, ते सुंदराला आता आठवलं. ते याचंच होतं.

योगराज काही ओशाळला नाही. "काकू," तो चमचा चाटत म्हणाला, "त्याले नही देनं व्हई ते माले द्या. आम्हनामा काई भांडन नही."

दोघंही हसले. सुंदरा उठली. ती जिना उतरली. आपल्याला फसवलं, आणि तेही देवीचं सूप पुढे करून फसवलं, याने तिच्या जिवाची आग आग झाली. हेमराजचा राग होताच, पण त्या सुपाशी फुगून बसलेल्या सुंदराचा त्याहून जास्त होता.

घरी आल्यावर तिने सारं सुकदेवला सांगितलं आणि म्हणाली, यंदा याला मत द्यायचं नाही. पण मुठीतल्या माणसाच्या विरोधात जायचं तर देवी काय म्हणेल, याची धास्ती तिला होती. सुकदेव जुन्या वळणाचा माणूस, तो आपल्याला अडवेल असंच तिला वाटलं. त्याने बांधलेला पाय हाताने उचलून पुढ्यात घेतला.

"मनी बी मूठ शे त्या रोटमा," सुकदेव म्हणाला. "मना पायले कोन इचारस?"

द्यायचं नाही हे ठरलं, पण द्यायचं कोणाला? योगराज डोळ्यांपुढे आला की खमणची डिश दिसायची. उरलेले दोन उमेदवार कोण, कुठले, हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. पल्लवी मोबाईलमधून डोकं वर काढून म्हणाली, "मम्मी, सगळ्यात छेल्लुं बटन असतं ना, ते कोई नहीं वालं. ते दाबा." पाच वर्षांतून एकदा मत हातात येतं, आणि ते कोणालाच द्यायचं नाही. सुंदराला ते अन्न टाकून दिल्यासारखं वाटलं.

मतदानाच्या दिवशी तिला बोलवायला कोणी आलं नाही. बायका दोघी-दोघींनी, आपापल्या वेळेला जात होत्या. सुंदरा एकटी गेली, शाळेतल्या रांगेत उभी राहिली, आणि शेवटचं बटण दाबून आली. बाहेर पडताना सरलाबाई आत शिरत होती. तिने हळूच विचारलं, "कोनले दिन्हं?"

"कोनलेच नही."

सरलाबाईने पदर सारखा केला आणि ती आत गेली. तिने काय दाबलं ते सुंदराने कधी विचारलं नाही.

मतमोजणी नेमकी ड्रेसिंगच्या दिवशी आली. दवाखान्यातून परतताना नवागामच्या अलीकडेच डीजेचा धमाका ऐकू आला आणि रिक्षावाल्याने मान हलवली. हेमराज निवडून आला होता, तेही मागच्यापेक्षा मोठ्या फरकाने. मिरवणूक अक्षरांपाशी थांबली होती. लाल बदामापुढे पोरं नाचत होती, वरून गुलाल उडत होता आणि पुढच्या घोळक्यात योगराजही पेढे वाटत होता. रिक्षा ना पुढे जाईना ना मागे. सुकदेवने पाय समोरच्या दांडीवर ठेवला होता. पांढरंशुभ्र, नुकतंच बांधलेलं ड्रेसिंग. हवेतला गुलाल भुरभुर आत यायला लागला, तसा सुंदराने पदर पसरून त्याचा पाय झाकला.

उघड्या जीपमधून हेमराजची नजर त्यांच्यावर गेली. तो उतरला. गर्दी बाजूला झाली, पोरांचे मोबाईल वर झाले, आणि गळ्यात हार, कोपरापर्यंत गुलालाने माखलेले हात अशा थाटात तो रिक्षापाशी आला. "दादा, वहिनी, तुम्हनाच आशीर्वाद," असं मोठ्यांदा म्हणत तो सुकदेवच्या पायांवर वाकला.

सुंदराने पदरावर आपले दोन्ही हात आडवे धरले.

"साहेब, हात नका लावू," ती म्हणाली. "आत्तेच बांधेल शे."

आवाज चढलेला नव्हता, तरी जवळच्यांना ऐकू गेलं. हेमराज वाकलेला तसाच राहिला. आजवर त्याला तिने भाऊ सोडून दुसरी हाक मारली नव्हती. मग तो सरळ झाला, तेच हात जोडून गर्दीकडे वळला आणि हसला. कोणीतरी डीजेचा आवाज वाढवला.

वाट मोकळी झाल्यावर रिक्षा पुढे निघाली. सुंदराने घर येईपर्यंत हात काढले नाहीत, आणि उतरल्यावर पदरावरचा गुलाल रस्त्यातच झटकून मग ती उंबऱ्याच्या आत गेली.